चार चुडांमध्ये एक वडी

“मी घातलं, दादा,” आबा म्हणाले. “माझी चूक झाली. मी घातलं.”

एवढं बोलून ते माझ्या हातातली रिकामी बादली घ्यायला वाकले, आणि शिवळ त्यांच्या डाव्या कानावर बसली.

शिवळ म्हणजे जुवाची बाभळीची खुंटी. हातभर लांब असते, बैलाची मान तिच्यामुळं जुवात राहते. तात्यांनी ती थोड्या वेळापूर्वीच उपसली होती, पडलेल्या बैलाला मोकळं करायला, आणि ती त्यांच्या मुठीतच राहिली होती. आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या गवतावर दगड टाकावा तसा झाला. आबा गुडघ्यांवर आले. दुसरा घाव पाठीवर बसला, तिसरा खांद्यावर. चौथ्याला ते चिखलात तोंडघशी पडले आणि तात्यांनी त्यांच्या कमरेवर गुडघा रोवला.

लावणीला आलेल्या सात बायका रोपांच्या पेंढ्या हातात धरून तशाच उभ्या होत्या. मी आबांच्या मागं होते. बादलीची कडी माझ्या हातात होती, बादली चिखलात कलंडली होती. आबांनी एकदाही हात वर केला नाही. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात रुतले होते, खताची वडी खोवताना असायचे तसे.

त्यांनी हात वर का केला नाही, हे मला तेव्हा कळलं असं वाटलं होतं. पुरतं कळायला सत्तावीस वर्षं लागली.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव रवळू खोत. आजऱ्याच्या पश्चिमेला, डोंगर उतरतो तिथं आमची वाडी आहे. बारा घरं आणि खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेली भाताची खाचरं. तात्या म्हणजे गुंडू खोत, आबांचे सख्खे थोरले भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांच्या वाट्याला एकेक बैल आला. एका बैलानं चिखलणी होत नाही. मग दोघा भावांनी पैरा केला. एक दिवस जोडी तात्यांच्या खाचरात, एक दिवस आमच्या. मोऱ्या आमचा, चांद्या त्यांचा. नऊ वर्षं ही दोन जनावरं एका जुवाखाली चालली. चुली वेगळ्या झाल्या तरी खोतांचं घर फुटलं नाही असं लोक म्हणायचे, ते या जुवाकडं बघून.

दोघांचं पटत नव्हतं ते फक्त खतावरून.

तात्या बांधावर उभे राहून युरिया फेकायचे. कमरेला बुट्टी, एका तालात मूठ जायची आणि यायची, आणि पांढरे दाणे पाण्यावर अर्धगोल करून पडायचे. ते बघायला सुंदर होतं, हे आबाही मान्य करायचे. पण दुसऱ्या दिवशी सर आली की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात आणि खालच्यातलं ओढ्यात. आबा एकदा म्हणाले, “दादा, तुझं निम्मं खत वढा खातो.” तात्या म्हणाले, “खाऊ दे की. वढाबी आपलाच हाय.”

आबा कुठल्याशा संशोधन केंद्राच्या शिवारफेरीला जाऊन आले होते. तिथं त्यांनी पाहिलं, की युरिया आणि डीएपी दाबून त्याची वडी करायची. भात नेमक्या अंतरावर लावायचं आणि चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, चौकोनात मधोमध, लावणीच्याच दिवशी, एक वडी चार बोटं खोल चिखलात खोवायची. चिखलाच्या पोटात गेलेलं खत उडत नाही, वाहत नाही. मुळं आपली हळूहळू तिथवर पोचतात. निम्म्या खतात तेवढंच भात येतं. त्यांनी कुणाकडं तरी मोडीत निघालेलं वड्यांचं यंत्र मिळवलं. समोरासमोर फिरणारे दोन लोखंडी रूळ, त्यांवर बोटाच्या पेराएवढे खळगे. गोठ्याच्या पडवीत ते बसवलं. दांडा फिरवायचं काम माझं होतं.

तीन वर्षं आमच्या खाचरांत वड्या पडल्या आणि तीन वर्षं भात चांगलं आलं. लोक बघून जायचे, पण वाकायला कोण तयार होणार? गंगूआत्ती लावणीच्या बायकांची पुढारी होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणायची, “रवळू, भात लावायचंय का बाळ जेवू घालायचंय?” आबा म्हणायचे, “बाळच हाय, आत्ती. तोंडात घातलं तर वाढतं, अंगावर वतलं तर काय हुतं?”

त्या वर्षी तात्यांनी आपलं थोरलं खाचर द्यायचं कबूल केलं. कसं कबूल केलं हे मला ठाऊक नाही. बहुतेक चांद्या-मोऱ्याला पाण्यावर नेताना बोलणं झालं असावं. अट मात्र त्यांनी आमच्या उंबऱ्यात उभं राहून, आईच्या आणि माझ्या देखत घातली. एक साल देतो. उतारा कमी आला तर ते मशीन वढ्यात टाकायचं, आणि पुन्हा माझ्या रानात वडीचं नाव काढायचं न्हाई. आबा हो म्हणाले. बाकीच्या दहा घरांनी तात्यांचं खाचर बघून ठरवायचं असं ठरवलं. म्हणजे आबांचं सगळं त्या एका खाचरात होतं.

म्हणूनच त्यांनी आणखी एक युक्ती केली. युरियात निंबोळीची पूड मिसळली. निंबोळीमुळं खत सावकाश विरघळतं आणि भाताच्या तोंडी जास्त दिवस पुरतं. आधीच्या वर्षांच्या वड्या पांढऱ्या होत्या. या तपकिरी झाल्या, बैलांना घालायच्या गोळी पेंडीसारख्या. त्यांना दमटपणा लागू नये म्हणून आबांनी गोळी पेंडीची रिकामी पोती धुऊन वाळवली, कारण त्यांना आतून प्लास्टिक असतं, आणि वड्या त्यांत भरल्या. खताच्या पोत्यांना निळी दोरी बांधली. आईला आणि मला बोलावून दोरी दाखवली.

त्यांनी मला फार काही शिकवलं. एक गोष्ट मी पाचवीत असताना शिकवली होती. तांब्यात पाणी घेतलं, त्यात मूठभर युरिया टाकला आणि माझा हात त्यात घालायला लावला. पाणी बघता बघता गार झालं, बर्फ टाकल्यासारखं. मी हात काढून घेतला. आबा हसले. म्हणाले, “विरघळताना हे पाण्यातली ऊब वढून घेतं. डोळं मिटून सुदिक वळखता येतं बघ, मीठ हाय का युरिया.”

थोरल्या खाचराची लावणी आषाढातल्या एका बुधवारी होती. रोपं आदल्या दिवशी उपटून पेंढ्या बांधून ठेवलेल्या. सकाळपासून तात्या जोडीला चिखलात फिरवत होते, मागोमाग आबांनी खुणांची दोरी ताणली होती आणि बायका त्या दोरीवर लावत होत्या. पाऊस बारीक होता. अकराच्या सुमाराला निम्मं खाचर झालं तेव्हा तात्यांनी बैल सोडले. ते खूश होते. दोरीवर लावलेल्या सरळ ओळी बघून आबांना म्हणाले, “शाळंच्या पोरांवानी उभी केलीयास की रं.” आबांनी वर बघितलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

चिखलणीच्या दिवसांत बैलांना दुपारी अंबोण द्यायचं असतं. पेंड आणि कोंडा पाण्यात कालवून, वर गुळाचा खडा. ते काम आईनं मला सांगितलं. सांगितलं तेव्हा मी बांधावरच्या खोपीत बसून पुस्तक वाचत होते. शाळेच्या वाचनालयातलं होतं, पहिली पानं गेलेली होती, त्यामुळं ते कुणाचं होतं तेही मला ठाऊक नव्हतं. फार चांगलं चाललं होतं. आईनं दुसऱ्यांदा हाक मारली ती जरा वरच्या पट्टीत. मी उठले, पण पुस्तक ठेवलं नाही. डाव्या हातात पुस्तक, अंगठा पानात. उजव्या हातानं खोपीतल्या दोन पोत्यांपैकी हाताशी आलेल्या पोत्यातून आठ-दहा मुठी भरून काढलं, बादलीत टाकलं. पाणी ओतलं. कोंडा टाकला, गूळ टाकला. दोरी बघितली नाही. बघितली असती तरी दिसली नसती, कारण सकाळीच बायकांनी वड्या काढून घेताना ती सोडून खोपीच्या मेढीला अडकवली होती.

मग मी बादलीत हात घालून कालवायला लागले. वड्या फुटत नव्हत्या, त्या चुरत बसले. कोपरापर्यंत हात आत होता. पाणी गार होत गेलं.

मला ते बरं वाटलं. खोपीत बसून अंग उबून आलं होतं. मी वाचत राहिले आणि हात तसाच आत राहू दिला.

बैल हावरेपणानं प्याले. चांद्या नेहमीच पुढं घुसायचा, मोऱ्याला तळाचं उरायचं. त्या दिवशीही तसंच झालं. तळाशी राहिलेला गाळ मोऱ्यानं चाटला नाही. मी बादली तशीच घेऊन खोपीत वाचायला गेले.

अर्ध्या तासानं तात्यांनी जोडी पुन्हा जुपली. दोन फेरे झाले. तिसऱ्या फेऱ्याला चांद्याचे कान फडफडायला लागले, मग कातडी थरथरायला लागली, मांड्यांवर, मानेवर, जणू हजार माशा बसल्यात. तोंडातून फेस आला. तो हंबरला, आणि तो आवाज बैलाचा नव्हता. पुढचे पाय दुमडले आणि तो जुवासकट खाली आला. मोऱ्याची मान त्याच्याबरोबर पिरगळली, तोही गुडघ्यांवर आला. तात्यांनी धावत जाऊन शिवळ उपसली, जू ढकललं. चांद्या आडवा झाला. त्याचं पोट बघता बघता फुगलं. पाय चिखल तुडवत होते, उभं नसताना तुडवत होते, आणि लावलेल्या ओळीच्या ओळी त्याच्या खुरांखाली जात होत्या.

गंगूआत्ती म्हणाली, पान लागलं. सगळ्यांना तेच वाटलं. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. बांधाच्या बिळांत नाग होतेच. तात्या खुरांजवळ दाताच्या खुणा शोधायला लागले. कुणीतरी गुरवाला आणायला निघालं. सगळं सापावर गेलं असतं. त्या दिवशी आबांनी फक्त गप्प बसायला हवं होतं.

आबांनी चांद्याचं तोंड उघडून वास घेतला. मग ते माझ्याकडं आले. माझ्या हातात बादली होती, मी ती का उचलली होती ते मला आठवत नाही. त्यांनी आत बघितलं नाही. अगदी हळू विचारलं,

“वैजू, कालवताना पाणी हाताला कसं लागलं?”

“गार,” मी म्हणाले.

बोलता बोलता मला कळलं. त्यांना माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. त्यांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला, क्षणभरच. म्हणाले, “कुणाला बोलू नगंस.” आणि वळून मोठ्यानं सांगितलं, ताक आणा, जेवढं आंबट असंल तेवढं, चिंच कोळा, गार पाणी आणा.

आई वर घरी पळाली. ताकाचं एकच मडकं निघालं. आबांनी ते चांद्याला पाजलं. आमच्या मोऱ्याचे पाय लटपटत होते, तोंडाला फेस होता, तरी पहिलं मडकं त्यांनी चांद्याच्या घशात ओतलं, नळकांड्यानं, स्वतः चिखलात बसून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मोऱ्याला नंतर चिंचेचं पाणी मिळालं. हे कुणी मोजलं नाही. माणसांनी एवढंच बघितलं की चांद्यानं एकदा मान मागं टाकली, डोळे पांढरे केले आणि तो ताठ झाला. आणि मोऱ्या उभा राहिला.

तात्या बराच वेळ चांद्याकडं बघत होते. मग म्हणाले,

“पान लागल्यावर ताक पाजत्यात व्हय रं, रवळू?”

आबांनी चांद्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं.

“तुला कसं ठावं झालं?”

तात्यांनी इकडं तिकडं बघितलं. खोपीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग ते चालत यायला लागले, चिखलातून, एकेक पाय उपसत, शिवळ हातात. आबा चांद्यापाशी होते, माझ्यापासून दहा पावलांवर. ते उठले आणि झपाट्यानं आले आणि माझ्यापुढं उभे राहिले. मी घातलं, म्हणाले. मी घातलं, म्हणाले.

पुढचं मी सांगितलं आहे. पण सगळं सांगितलेलं नाही.

तात्या थांबले नाहीत. आबांच्या कानातून रक्त चिखलात उतरत होतं आणि तात्या मारत होते, पाठीवर, बरगड्यांवर, मांड्यांवर, प्रत्येक घावाला एक शब्द. नऊ. वर्सं. पोरावानी. वाढीवला. वड्यांची बुट्टी लाथेनं उलटली आणि वड्या आबांच्या भोवती विखुरल्या. एका घावाला काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तेव्हा आई खाचरात उतरली. माझी आई तात्यांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, कधी नजर वर करून बोलत नसे. तिनं रोपांच्या पेंढ्या कापायचा विळा उचलला आणि मागून त्यांच्या गळ्याला लावला.

“सोडा, भावजी,” ती म्हणाली. “न्हाईतर मी वढीन.”

विळ्याच्या पात्यावर एक लाल रेघ आली. तात्यांनी शिवळ टाकली. उभे राहिले, गळ्याला हात लावून बघितला, आणि खाचर ओलांडून आमच्या घराकडं चालू लागले. थोड्या वेळानं वरून घणाचे आवाज यायला लागले. बिडाचं लोखंड फुटताना कसं ओरडतं ते मला त्या दिवशी कळलं. आम्ही आबांना घोंगड्यावर घेऊन वर आणलं तेव्हा तात्या गोठ्याच्या पडवीत उभे होते, दोन्ही रूळ दुभंगून पडले होते, आणि त्यांच्या हातांना फोड आले होते. ते बाजूला झाले. आबांच्याकडं त्यांनी बघितलं नाही.

रात्री आईनं माझा हात धुतला. कोपरापर्यंत कोंडा वाळून चिकटला होता. तिनं गरम पाण्यानं, नारळाच्या काथ्यानं घासून काढला. तिला माहीत होतं की नाही हे मी तिला कधी विचारलं नाही.

आजऱ्याच्या दवाखान्यात आबांनी बैलानं लाथ मारली असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बैलाला हात होते काय. तीन बरगड्या जुळल्या. डावा कान गेला तो गेलाच. महिन्याभरानं आबा उठले, मोऱ्याला सोडलं, तात्यांच्या दाव्याला नेऊन बांधलं आणि परत आले. तात्यांनी तो ठेवून घेतला. त्याला दुसरा जोडीदार मात्र त्यांनी कधी आणला नाही. पुढच्या वर्षीपासून ते भाड्यानं ट्रॅक्टर लावू लागले आणि मोऱ्या नुसता खाऊन म्हातारा झाला. दोन्ही भाऊ बोलले नाहीत, कधीच.

वड्यांचं नाव वाडीत कुणी काढलं नाही. वीख हाय ते, म्हणायचे. पुन्हा बांधावरून मुठी जायला लागल्या. ओढ्यात हिरवं शेवाळ इतकं माजलं की गुरं तिथं पाणी पिईनात. आबांनी दुसरं यंत्र घेतलं नाही. आमच्या खाचरांत मात्र ते युरिया मातीत कालवायचे, त्याचे हातानं गोळे वळायचे आणि चार चुडांमध्ये एक, असे खोवत राहायचे. मी दांडा फिरवायचं सोडून गोळे वळायला लागले.

त्या वर्षी थोरल्या खाचरात जे भात उरलं ते तसंच वाढलं. दसऱ्याच्या सुमाराला मी शाळेतून येताना बांधावर थांबले. सगळं खाचर पोपटी होतं आणि मधे एक तुकडा काळपट हिरवा, माणसाच्या उंचीएवढा लांब. बुट्टी तिथं उलटली होती. तिथं खत गरजेपेक्षा जास्त झालं होतं. भात तिथं सगळ्यांत उंच गेलं, आणि लोंब्या भरायच्या आधी तिथलंच सगळ्यांत आधी आडवं झालं.

मी शिकले, नोकरीला लागले, पुस्तकं पुष्कळ वाचली. ते एक वाचनालयाला परत केलं तेव्हा त्याच्या पानांमध्ये कोंडा अडकला होता. ते मी पुढं कधी पुरं केलं नाही. सुट्टीला घरी आले की आबांच्या उजव्या बाजूला बसायची, म्हणजे त्यांना ऐकू यायचं. ते खाचराबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे. त्या दिवसाबद्दल मी हजारदा बोलायला गेले. दर वेळी ते डोकं वळवायचे आणि डावा कान माझ्याकडं करायचे.

गेल्या महिन्यात ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, तात्या आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. काठी टेकत टेकत आले आणि पडवीच्या पायरीवर बसले, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. आई आतून बाहेर आली नाही. मी तांब्या-भांडं नेऊन ठेवलं. ते पाणी प्याले, त्यांनी मिशा पुसल्या. आबांचं शेवटचं दुखणं विचारलं. दुखणं नव्हतंच, मी म्हणाले. ते म्हणाले, “बरं झालं. त्येनं भोगलं हुतं आधीच.”

मी ठरवलं नव्हतं. पण आता ज्यांच्यासाठी गप्प राहायचं ते राहिले नव्हते.

“तात्या,” मी म्हणाले, “चांद्याला आबांनी घातलं नव्हतं. अंबोण मी कालवलं होतं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जसं लहान मूल फार उशिरा काहीतरी शिकून आलं की बघतात.

“मला ठावं हाय की,” ते म्हणाले. “तुझ्या हाताला कोपरापातूर कोंडा हुता.”

ओढ्यावर कुणाचं तरी इंजिन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

“मग आबांना का मारलंत?”

“त्येला मारायला कोण गेलं हुतं?” तात्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. “मी तुझ्याकडं आलो हुतो, पोरी. पैला घाव तुझ्या डोस्क्यावर काढला हुता. माझं मला दिसत न्हवतं त्या घटकंला काय. निस्ता कोंडा दिसत हुता. हात फिरला तवा तो मधी वाकला. बादलीचं निमित्त केलं त्येनं. तू तवा त्येच्या खांद्याला लागायचीस. वाकला म्हणून त्येचा कान तिथं आला, जिथं तुझं डोस्कं हुतं.”

मी पायरीच्या दगडाकडं बघत होते.

“आनि वर माझ्या तोंडावर खोटं बोलला. मी घातलं म्हनं. माझा भाऊ माझ्यासंगं जल्मात खोटं बोलला न्हवता.” त्यांनी काठी दगडावर टेकवली. “पैला तुझा हुता. म्होरचं सगळं त्या खोट्याचं.”

खाली तात्यांच्या थोरल्या खाचरात त्यांच्या नातवानं लावणी केली होती. दोरीवर लावलेलं नव्हतं, ओळी कुठंही वळल्या होत्या. पाणी तुडुंब होतं आणि आदल्या दिवशीचा युरिया त्यातून ओढ्याकडं चालला असणार.

“मशीनचं रूळ मी फोडलं,” तात्या म्हणाले. “फोडाया नगं हुतं. भात चांगलं आलं असतं.”

मग ते उठायला लागले. काठी टेकली, पण गुडघे उचलेनात. मी हात पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. त्यांची बोटं माझ्या मनगटावरून वर सरकली, कोपरापर्यंत आली, आणि तिथं त्यांनी घट्ट धरलं आणि ते उभे राहिले.